विमानातल्या कॅमेऱ्याला वीज देताना

माझ्याकडे विमान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट विचारते. "वीज कमी पडली तर पहिल्यांदा काय बंद पडलेलं चालेल? चित्र की विमान?" बहुतेक जण हसतात. अक्का गंमत करते आहे असं त्यांना वाटतं. मी गंमत करत नसते.

आमची विमानं खरी नव्हेत. फोमची, हलकी, दोन्ही हात फैलावले तर जेवढी रुंदी होईल तेवढ्या पंखांची. जमिनीवर उभं राहून रेडिओच्या रिमोटने ती उडवायची. हौशी माणसांना नुसतं उडवून समाधान होत नाही. त्यांना वरून बघायचं असतं. मग विमानाच्या नाकाशी अंगठ्याच्या पेराएवढा कॅमेरा बसवतात आणि त्याच्यामागे चित्र खाली पाठवणारा ट्रान्समीटर. उडवणारा डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवतो, त्यात छोटे पडदे असतात. तो उभा असतो जमिनीवर, पण पायांखाली झाडं सरकताना बघतो. पहिल्यांदा चष्मा घालणारे पुष्कळ जण तोल जाऊन खाली बसतात.

त्या कॅमेऱ्याला वीज कुठून आणायची, एवढंच माझं काम. मी तीस-एक वर्षं विमानांच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात वायरींच्या जुड्या बांधल्या. निवृत्त झाल्यावर बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या आमच्या घरामागच्या खोलीत सोल्डरिंगची गन आणि भिंग घेऊन बसले. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. घरात मराठी बोलतो, पण पुण्याहून आलेले लोक आमची मराठी ऐकून गालात हसतात, कारण मधूनमधून कन्नडमधलं 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, असं येतं. मलाही सगळे पद्माक्काच म्हणतात. पुण्याचेसुद्धा.

बाहेरच्या माणसाला हे काम पोरखेळ वाटतं. बॅटरी आहे, वायर आहे, जोडून टाका. जोडायला तीन जागा आहेत आणि तिन्हींत काहीतरी खोट आहे. विमानाची मोठी बॅटरी मोटर फिरवते. तिच्यातूनच कॅमेऱ्याला वीज दिली तर मोटर जोरात फिरली की चित्रावर आडव्या रेघा नाचायला लागतात. त्या घालवायला मध्ये तारेचं एक वेटोळं आणि कपॅसिटर बसवून वीज गाळून घ्यावी लागते, चहा गाळतो तशी. दुसरा मार्ग म्हणजे कॅमेऱ्यासाठी वेगळी छोटी बॅटरी. चित्र काचेसारखं येतं, पण वजन वाढतं, आणि ती छोटी बॅटरी कधी दगा देईल ते मोठीला कळत नाही. तिसरा मार्ग सगळ्यात सोपा. रिमोटचा हुकूम ऐकणारा जो रिसीव्हर विमानात असतो, त्याच्याच वायरीला कॅमेरा लटकवायचा. आळशी माणसं हेच करतात. रिसीव्हरची वीज जेमतेम त्याच्यापुरती असते. कॅमेरा आणि ट्रान्समीटर तिच्यातून ओढायला लागले, आणि त्यात विमान वळवताना शेपटी हलवणाऱ्या छोट्या मोटरींनी जोर लावला, की रिसीव्हर क्षणभर झोपतो. विमान पडायला तेवढा क्षण पुरतो.

शहराबाहेर होसकोट्याकडे प्लॉट विकणारे एक गृहस्थ होते. गिऱ्हाइकांना जमीन वरून दाखवायची म्हणून त्यांनी माझ्याकडून कॅमेरा बसवून घेतला. मी वेगळी बॅटरी दिली होती. ती जड वाटली म्हणून त्यांनी स्वतःच काढली आणि कॅमेरा रिसीव्हरला जोडला. गिऱ्हाइकं जमली होती, शामियाना होता, डोशाची गाडी लावली होती. विमानाने वळण घेतलं आणि सरळ मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर आलं. पत्रा सरकून आत स्वयंपाक करणाऱ्या एका बाईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. रायचूरकडची होती, कडेवर लहान मूल. दुसऱ्या दिवशी गृहस्थ विमानाचे तुकडे गोणीत घालून माझ्याकडे आले. मी विचारलं, "त्या बाई कशा आहेत?" ते म्हणाले, "असतील बऱ्या. अक्का, यातला व्हिडिओ काढता येईल का? पडायच्या आधीचा भाग छान आला असणार."

मी गोणी उचलून त्यांच्या गाडीत ठेवून आले. माझ्या शब्दाविना त्यांना काय समजायचं ते समजलं असेल, किंवा नसेल. त्यांची जाहिरात मात्र अजून त्या रस्त्यावर आहे.

हे सगळं सांगायचं कारण सुहास.

सुहास नागपूरचा. कंप्युटरच्या कंपनीत, होसकोट्याच्या अलीकडे एका मोठ्या सोसायटीत फ्लॅट. बोलण्यात निम्मं इंग्रजी, पण दुकानदाराशी दोन शब्द का होईना कन्नडमध्ये बोलायची जिद्द. रविवारी आमच्या क्लबच्या मैदानावर विमान उडवायला यायचा. मैदान सांभाळणारा मंजुनाथ आणि तो चांगले मित्र. सुहासला माझी एक गोष्ट पटायची नाही. चित्रावर एक रेघही त्याला खपायची नाही, म्हणून तो कायम वेगळी बॅटरी वापरायचा. मी म्हणायचे, अरे, तिचं आयुष्य बघत जा. तो म्हणायचा, "अक्का, टेन्शन नका घेऊ."

त्याच्या वडिलांना विसरण्याचा आजार झाला होता. नागपूरला आई-वडील दोघं म्हातारी एकटी कशी राहणार, म्हणून सुहासने त्यांना इकडे आणलं. एकदा तो त्यांना मैदानावर घेऊन आला होता. उंच, ताठ, पांढरा सदरा, आणि उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा, नागपूरच्या पद्धतीने. शाळेत भूगोल शिकवायचे. मला मराठी बोलताना ऐकलं आणि माझ्याजवळची खुर्ची त्यांनी सोडली नाही. "बाई, हे स्टेशन कोणतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "स्टेशन नाही काका, विमानांचं मैदान आहे." ते हसले. जरा वेळाने पुन्हा विचारलं, "बाई, हे स्टेशन कोणतं?"

एका शनिवारी सकाळी सुहासची आई अंघोळीला गेली आणि ते दार उघडून बाहेर पडले. सोसायटीच्या पहारेकऱ्याने त्यांना जाताना पाहिलं. कपडे व्यवस्थित, चाल ताठ. फिरायला निघालेत असं त्याला वाटलं.

दुपारपर्यंत सुहासने सगळे रस्ते पालथे घातले. पोलिसांत तक्रार दिली. फाट्यावरच्या चहावाल्याने सांगितलं की असा एक म्हातारा आला होता, काहीतरी विचारत होता. काय विचारत होता ते चहावाल्याला कळलं नाही. हिंदी नव्हतं, एवढं कळलं. त्याने आपलं "सरी सरी" म्हणत मान डोलावली आणि म्हातारा हात जोडून पुढे गेला, नीलगिरीच्या झाडांच्या दिशेला. तिकडे नीलगिरीचे पट्टे, मध्ये घाणेरीची दाट झुडपं, बंद पडलेल्या खडीच्या खाणी आणि एक कोरडं पडलेलं तळं. त्यांनी चहावाल्याला काय विचारलं असेल हे मला न सांगता कळलं. बेंगळुरूत इतकी मराठी माणसं आहेत, आणि त्या टपरीवर त्या वेळी एकही नव्हतं.

रविवारी पोलिसांची माणसं कडेकडेने शोधत होती. झुडपात शिरणं कठीण होतं. सुहासने ठाण्यातल्या साहेबांची परवानगी काढली आणि आपलं विमान उडवलं. विमान झाडांच्या पलीकडे गेलं की चित्र जायचं. एकदम काळं. चष्म्यात काही दिसेना, आणि विमान तर नजरेच्या पार गेलेलं. पहिल्या वेळी मंजुनाथने आवाजावरून अंदाज घेत ते कसंबसं परत आणवलं. दुसऱ्या वेळी ते एका झाडाला घासून पडलं.

दुपारी दोघं माझ्याकडे आले. सुहासचा चेहरा बघवत नव्हता. त्याने विमान टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "अक्का, चित्र राहत नाही."

छोटी बॅटरी मी हातात घेतली. पोट फुगलेलं. मीटर लावला तर भरल्यासारखी दाखवत होती, पण कॅमेरा आणि ट्रान्समीटर दोन्ही जोडले की काही मिनिटांत मान टाकायची. तिचं आयुष्य संपलं होतं. बोलायची ती वेळ नव्हती.

मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला नाही. या कामात त्या प्रश्नाला अर्थच नव्हता. विमान डोळ्यांना दिसत नसताना चित्र गेलं म्हणजे विमानही गेलं. मी छोटी बॅटरी काढून टाकली. तिचं जेवढं वजन वाचलं तेवढी मोठी बॅटरी जास्त दमाची घातली. कॅमेऱ्याची वायर थेट तिच्यावर आणली, मध्ये विजेचा दाब उतरवणारी वेगळी पट्टी, तिच्यापुढे गाळणी. म्हणजे विमानात जीव असेतो चित्र असणार. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचा आकडा दिसेल अशी सोय केली. मंजुनाथ पंखाला टेप लावत होता. सुहास स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होता.

"रेघा येतील का?" त्याने विचारलं.

"थोड्या येतील."

"चालतील," तो म्हणाला.

जमिनीवर मोटर पुऱ्या जोरात फिरवून बघितली. एखादी बारीक रेघ सोडली तर चित्र स्वच्छ होतं. काम झालं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. अंधारात उडवून काही दिसलं नसतं. सकाळपर्यंत थांबणं भाग होतं. दारातून निघताना सुहास वळला आणि म्हणाला, "दोन दिवस झाले, अक्का. त्यांनी पाणी तरी प्यायलं असेल ना?" मंजुनाथने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर नेलं.

सोमवारी उजाडता उजाडता आम्ही तळ्याच्या बांधावर होतो. मी एरवी मैदानावर कामाला जात नाही, पण वायर माझी होती, मीच जायला हवं होतं. साहेबांनी एक हवालदार दिला होता. सुहासने चष्मा चढवला. माझ्यासमोर तिवईवर छोटा पडदा होता, त्याला जे दिसणार ते मलाही दिसणार होतं. मंजुनाथने विमान हातातून सोडलं.

चित्र टिकलं. नीलगिरीच्या पट्ट्यापलीकडे विमान गेलं तरी टिकलं. खाणीचे चौकोन, त्यांत हिरवं साचलेलं पाणी, टायरचे ढीग, एक मेलेलं जनावर. सुहास शांतपणे नांगरटीसारख्या ओळी काढत होता, एक जाती, एक येती. पहिल्या बॅटरीवरच्या फेरीत काही सापडलं नाही. विमान उतरवलं, बॅटरी बदलली, पुन्हा सोडलं.

दुसऱ्या फेरीत तळ्याच्या मागच्या अंगाला, एका ओढ्याच्या कोरड्या खाचेवर, काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं सिमेंटची फाटकी गोणी असेल. अशा खूप होत्या. विमान पुढे गेलं. सुहासने ते लगेच वळवलं आणि खाली आणलं.

गोणी नव्हती. कापड होतं. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या झुडपांना कोपरे अडकवून ताणलेलं, छपरासारखं. सुरकुती नाही. उन्हापासून आडोसा केला होता कुणीतरी. आणि कापडाच्या कडेबाहेर दोन पाय.

"दुपट्टा आहे बाबांचा," सुहास म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "ते असाच वाळत घालतात. चारी कोपरे ओढून."

मंजुनाथने हवालदाराला हाक मारली. कुठल्या दिशेला, किती आत, ते पडद्यावरून नीट सांगता येईना. सगळीकडे सारखीच झुडपं. सुहास त्या खाचेभोवती विमान गोल गोल फिरवत होता. पाय हलत नव्हते. मी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघितला. परत यायला पुरेल एवढीच वीज उरली होती.

मंजुनाथ म्हणाला, "सुहास, परत आण. बॅटरी बदलून पुन्हा जाऊ."

"नाही."

"अरे, पडेल ते!"

"त्यांना एकटं टाकून मी परत नाही येणार," सुहास म्हणाला. "हे तिथेच फिरू दे."

मंजुनाथ माझ्याकडे बघायला लागला. विमानात एक बझर असतो. रिमोटशी संबंध तुटला की तो शिट्टीसारखा वाजत राहतो, हरवलेलं विमान गवतात सापडावं म्हणून. पण त्यालाही वीज त्याच बॅटरीतून जाते. सुहास शेवटच्या थेंबापर्यंत फिरत राहिला असता तर विमान कुठेतरी मुकाट पडलं असतं आणि ते कापड पुन्हा शोधावं लागलं असतं.

मी त्याच्या कानाशी गेले. "सुहास, परत नको आणू. पण आत्ता उतरव. त्यांच्या शेजारी उतरव. मग रिमोट बंद कर; बॅटरीत जीव राहिला तर शिट्टी वाजेल. माणसं आवाजावर जातील."

त्याने विमान खाली झुकवलं. पडद्यावर खाच वर यायला लागली. त्याने मोटर बंद केली. खाचेच्या बाजूला थोडी मोकळी जमीन होती, तिच्यावर त्याने ते इतकं हळू नेलं की मी त्याला कधीही एवढं सुबक उतरवताना पाहिलं नव्हतं. झाडांच्या शेंड्यांखाली गेल्यावर चित्र फाटलं, आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

मंजुनाथ आणि हवालदार मोटरसायकलवर गेले. मी सुहासजवळ थांबले. त्याने चष्मा काढला नव्हता. आत नुसत्या मुंग्या असणार. मी म्हटलं, "काढ आता." तो म्हणाला, "एखादे वेळी सिग्नल येईल परत." मी त्याचा दंड धरून उभी राहिले.

मग मंजुनाथचा फोन आला. कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, शिट्टी ऐकू येते आहे. जवळच आहे." फोन चालूच होता. झुडपांचा खसखसाट, हवालदाराचं ओरडणं, आणि मागे ती शिट्टी, मोठी मोठी होत गेलेली. मग खसखसाट थांबला. शिट्टी वाजतच होती.

"अक्का," मंजुनाथ म्हणाला, "त्याला फोन देऊ नका."

पण सुहासने चष्मा काढला होता आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

खाचेत पाय घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. तशा अवस्थेत त्यांनी दुपट्टा सोडून, ताणून, कोपरे अडकवून आडोसा केला होता. इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं, सोमवारीच पहाटेच्या सुमाराला गेले असावेत. म्हणजे आम्ही बांधावर पोहोचायच्या थोडंच आधी.

काही दिवसांनी सुहास विमान घेऊन माझ्याकडे आला. सोबत ती फुगलेली छोटी बॅटरीही होती. दोन्ही त्याने टेबलावर ठेवली. "अक्का, खरं सांगा. रविवारी चित्र टिकलं असतं तर?"

माझ्या धंद्यात विमान का पडलं ते मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते, त्याला राग आला तरी. इथे मला खरंच माहीत नव्हतं. मी तेच सांगितलं. "रविवारी ते त्या खाचेत होते की अजून चालत होते, हे कुणाला ठाऊक? तू वरून गेला असतास आणि ते एखाद्या झाडाखाली उभे असते, तर काय दिसलं असतं?"

"पण दिसले असते तर?"

"दिसले असते तर वाचले असते," मी म्हटलं. खोटं सांगितलं असतं तर तो गप्प बसला नसता.

त्याने मान हलवली. "हे तुमच्याकडेच राहू दे." विमान अजून माझ्या खोलीत आहे. त्याने पुन्हा उडवलं नाही. मंजुनाथ अधूनमधून त्याला फोन करतो, तो उचलतो, ऑफिसबद्दल बोलतो. मी आता कुणी वेगळी बॅटरी मागितली की तिचं वय विचारल्याशिवाय सोल्डर गरम करत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले. माणसं थोडीच होती, नागपूरहून एक चुलतभाऊ, सोसायटीतले दोन-चार जण. सुहासची आई माझ्या शेजारी येऊन बसली. बारीक अंगाची बाई, डोळे कोरडे. तिने माझा हात हातात घेतला.

"ताई, ते विमान त्यांच्या जवळच उतरलं होतं म्हणतात."

"हो. अगदी जवळ."

"आणि वाजून राहिलं होतं?"

"हो."

"मोठ्यानं?"

"बऱ्यापैकी मोठ्यानं. रानात लांबपर्यंत जातो आवाज."

डॉक्टरने सांगितलेली वेळ तिला ठाऊक होती. माझ्यासमोरच सुहासने तिला सांगितली होती, दोनदा. स्वयंपाकघराच्या दारात सुहास पत्रावळी हातात घेऊन उभा होता. तो थांबला.

"मग आला असेल त्यांना ऐकू," ती म्हणाली. "कोणीतरी आलं एवढं तर कळलं असेल. नाही का?"

सुहास माझ्याकडे बघत होता.

"ऐकू जावा म्हणूनच बसवतात तो बझर," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पान वाढायला उठली.